मंडळाच्या खुर्च्या

नागपूर, ९ जून २०२४

चि. पूर्वीस अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं नागपूर बघून दचकू नकोस. मी आहे. मोडलं ते फक्त खुब्याचं हाड, आणि तेही न्हाणीघरात घसरून, तेव्हा सांगण्यासारखा पराक्रम काही नाही. लेकीने पनवेलहून उचलून इकडे आणलं. फोन करू नकोस. माझे कान माझ्याआधी निवृत्त झाले. मी बोलते ते समोरच्याला पटत नाही, तो बोलतो ते मला ऐकू येत नाही, आणि तरी दोघंही ‘बरं, बरं’ म्हणत ठेवून देतो. अशा गप्पा मी तीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत मारल्यात, आता पुरे.

काम असं आहे. आपल्या विद्यानिधीकडे यंदा एक अर्ज आलाय. दिपिका नाव. गाव खाडीकडचं. बाप जगन मिठागरावर मजूर होता. मिठागर बुजलं. ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्यांचे बंगले उठले. जगनच्या नावावर फक्त पायाच्या भेगा होत्या. आता तो मिळेल ते काम करतो. मुलगी बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आली, विद्यापीठात एम.एस्सी.ला नंबर लागलाय. त्यांच्या घरातून दहावीच्या पलीकडे कुणी डोकावलेलंही नाही. जुलैच्या मध्यापर्यंत फी भरली नाही तर जागा पुढच्या नावाला जाईल.

निधी फी भरायला तयार आहे, पण आधी गृहभेट. आपले अध्यक्ष अविनाशराव बँकेतून निवृत्त झाले, बँक काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. समोर कुणी रडायला लागलं तरी ते तारण काय आहे ते विचारतील. गृहभेटी मी करायचे, आता चालता येत नाही. तू जा. तू निधीवर शिकलीस, आता निधीसाठी दोन पावलं टाक. ‘त्यांच्यातलंच कुणी गेलं तर फसगत होणार नाही,’ असं अविनाशराव म्हणाले आणि मी मान हलवली. वेदना कमी करणाऱ्या गोळीने माणूस कशालाही मान हलवतो.

तुझ्या घरी मी आले होते ते आठवतंय. नेऱ्याच्या पुढे, आंब्याच्या झाडाखाली रिक्षा थांबली होती. तू परीक्षेला गेली होतीस. तुझ्या आईने, वेणूताईंनी, मला लाकडी खोक्यावर बसवून गुळाचा चहा दिला होता. खोका टोचत होता, चहा उत्तम होता.

जाऊन ये आणि मला सविस्तर लिही.

तुझी,
अरुंधतीबाई


नवीन पनवेल, ३० जून २०२४

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं, मग आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाईंना हाडाचं सूप द्यायला सांग. तुम्ही शाकाहारी आहात हे तिला नऊ वर्षांत पटलेलं नाही.

तुम्ही काम सांगितलंत याचा मला खरंच अभिमान वाटला. बाबा फार्महाऊसवर राखणदार. बारावीनंतर मला तळोज्याच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवायला लावायचं सगळं ठरलं होतं. निधीने फी भरली, आणि त्याहून मोठं म्हणजे दर सत्राला तुमचं पत्र यायचं: ‘नापास झालीस तर पहिल्यांदा मला कळव, शेवटी नको.’ घरात कुणालाच माहीत नव्हतं की प्रॅक्टिकल बुडलं तर काय करायचं, प्राध्यापकांशी कसं बोलायचं, हॉस्टेलचा अर्ज कुठे मिळतो. तुम्ही सांगत गेलात. आज मी त्याच तळोज्यात प्रयोगशाळेत बसते, कारखान्याचं सांडपाणी तपासते. लेबल चिकटवणाऱ्या बायका मला मॅडम म्हणतात. पगारातून दर महिन्याला निधीला पाठवते, पण पाठवणं सोपं असतं. हे काम खरं.

गेल्या रविवारी जाऊन आले. बाई, सांगायला वाईट वाटतं.

आधी फोन करून कळवलं होतं. गेले तर दारात रांगोळी. दिपिकाची आई भामाताई पुढे आली, ‘ये गो बाय, उन्हातनी आयलीस, बस.’ बसायला सहा खुर्च्या एका ओळीत, सगळ्या निळ्या. पाठीमागे रंगाने ‘गावदेवी मित्र मंडळ’ लिहिलेलं. म्हणजे मंडळात या लोकांचं वजन दिसतं. भामाताईंच्या गळ्यात सोन्याचा हार, हातात पाटल्या. सारखा हात गळ्याकडे जात होता. दाखवायची हौस केवढी! एक शेजारीण उंबऱ्यात येऊन बसली होती, ती मी असेपर्यंत हलली नाही. डोळे भामाताईंच्या हारावरच. असूया, दुसरं काय.

पाण्यामागून थंड पेय, त्यामागून जेवण. तळलेली सुरमई, कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. मी नको म्हटलं तर जगनकाका म्हणाले, ‘आमचे घरान येऊन उपाशी जाशील? लोका काय बोलतील?’ माझ्याबरोबर कुणीच जेवायला बसलं नाही. ‘आमचा झाला,’ म्हणाले. सुरमईचं त्यांना अप्रूप नसावं.

शेवटी मी सरळ विचारलं, ‘घर कसं चालतं?’ भामाताई म्हणाली, ‘देवाच्या किरपेन बरा हाय. काय कमी नाय.’

आता तुम्हीच सांगा, जिच्या घरी काही कमी नाही असं ती स्वतः म्हणते, तिला आपण काय द्यायचं? आमच्या लोकांना मी ओळखते, बाई. हळदीला रात्रभर डीजे लावायचा, गावभर जेवण घालायचं, आणि मुलीच्या फीसाठी निधीकडे हात पसरायचा. आमच्या घरी तुम्ही आलात तेव्हा खोका होता. खरी गरज अशी दिसते. ती सोनं घालून दारात उभी राहत नाही.

मुलगी हुशार आहे. रिक्षापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, ‘ताई, मी आईला सांगितलेलं, एवढं करू नको.’ तिलाही घरच्यांची लाज वाटली असावी.

दुसऱ्या दिवशीच बैठक होती म्हणून अहवाल थेट अविनाशरावांकडे दिला. ‘गरज दिसून आली नाही.’ ते म्हणाले, ‘शाब्बास, अशी नजर हवी.’ खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. निधी खऱ्या गरजूला मिळाला पाहिजे, हे तुम्हीच शिकवलंत.

तब्येतीला जपा.

तुमची विद्यार्थिनी,
पूर्वी


नागपूर, २६ जुलै २०२४

चि. पूर्वी,

तुझं पत्र आज वाचलं. मधल्या काळात खुब्यात पू झाला, पुन्हा इस्पितळ, पुन्हा टाके. लेकीने माझं सगळं टपाल कपाटात ठेवलं होतं, कारण पत्रं वाचून माझा रक्तदाब वाढतो असं तिला वाटतं. तुझं पत्र वाचल्यावर मलाही तसंच वाटतंय.

प्रश्न विचारते. उत्तर मला नको, तुझं तू दे.

सहाच्या सहा खुर्च्या निळ्या आणि त्यांच्या पाठीवर मंडळाचं नाव. तुझ्या फ्लॅटमधल्या खुर्च्यांच्या पाठीवर कुणाचं नाव आहे? अगं, मंडळात वजन असलेला माणूस मंडळाच्या खुर्च्या घरात मांडत नाही. ज्याच्या घरात खुर्ची नसते तो मांडतो, पाहुणा जाईपर्यंत.

सोनं. अंगावर रोज असणाऱ्या दागिन्याकडे बाईचा हात जात नाही. तो पडेल, हरवेल, नखाने ओरखडेल, या भीतीने जातो. आणि उंबऱ्यातली शेजारीण असूयेने बसली नव्हती. ती आपला हार राखत बसली होती. एवढा भरवसा तरी केला बिचारीने! मी असते तर पाटल्यांसाठी वेगळी माणसं बसवली असती.

सुरमई. घरात चौघांना पुरेल एवढी असती तर चौघं बसले असते.

आणि ‘काय कमी नाय.’ पूर्वी, दारी आलेल्या पाहुणीला तू काय सांगितलं असतंस? महिन्याच्या वीस तारखेनंतर डाळ संपते म्हणून? त्या बाईने तुला पाहुणी समजून घर उजळलं आणि तू उजेडावर कर लावलास.

आता दुसरी गोष्ट. ती मी कधीच सांगणार नव्हते. नेऱ्याला तुमच्या घरी आले तेव्हा तुमच्या भिंतीवर टीव्हीएवढा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ होता, त्याखाली वायर लोंबत होती. जमिनीवर खुर्च्यांच्या पायांच्या खुणा होत्या. शेजारच्या पडवीत चार खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्या घरात माणसं दोनच. तुझ्या आईला कुणीतरी शहाण्याने कानात सांगितलं होतं, ‘बाई यायच्या आत घर रिकामं कर.’ तिने केलं. बरं केलं! गरज तर होतीच. तो टीव्ही विकून तुझं एक सत्रसुद्धा झालं नसतं. मी खोक्यावर बसले, चहा प्यायले आणि होकार लिहिला.

वेणूताईंनी घर रिकामं करून दाखवलं, भामाने भरून. एकीला नियम माहीत होता, दुसरीला रीत. नियम माहीत असलेलीची मुलगी आज मॅडम आहे.

माझं चुकलं की तुझं, याचा निवाडा अविनाशरावांवर सोपवू. त्यांना सवय आहे. पण जुलै सरत आला. फीचं काय झालं ते ताबडतोब बघ, अहवाल मागे घे, माझं नाव पुढे कर, वाटेल ते कर.

अरुंधती


नवीन पनवेल, १८ ऑगस्ट २०२४

बाई,

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी अविनाशरावांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘झालेला ठराव असा लहरीवर बदलत नसतो. शिवाय अहवाल तुमचाच आहे.’ विद्यापीठात गेले. दिपिकाची जागा कधीच दुसऱ्या मुलीला गेली होती. खिडकीतल्या बाईंनी यादी काचेला लावून दाखवली. तिचं नाव नसलेली ती यादी मी बराच वेळ वाचत होते.

मग नेऱ्याला आईकडे. मी परीक्षेहून आले होते त्या दिवशी टीव्ही नव्हता, तेव्हा आई म्हणाली होती दुरुस्तीला दिलाय. खुर्च्या लग्नाला नेल्यात म्हणाली होती. आता विचारलं तर भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘टीव्ही मामाकडं होता. अख्ख्या गावाला ठावं होतं.’ मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, ‘तू खोटं बोलताना पकडली गेली असतीस. तुझं तोंड कच्चं हाय.’ मग जरा थांबून, ‘सांगितलं असतं तर आज त्या पोरीचं काम झालं असतं का?’

खरं सांगायचं तर नऊ वर्षं मी त्या खोक्याच्या जोरावर जगले. कंपनीत, मैत्रिणींत, निधीच्या मेळाव्यात माइकवरून, सगळीकडे तो खोका सांगितला. टाळ्या पडायच्या.

काल खाडीकडे गेले. या वेळी फोन केला नाही.

दार उघडं होतं. आत खुर्ची एकही नव्हती. एक चटई, गुंडाळलेली गोधडी, कोपऱ्यात दिपिकाची पुस्तकं, त्यांवर जुनी साडी झाकलेली. भामाताईंच्या गळ्यात काळे मणी. त्या जाळं शिवत होत्या, कुणा दुसऱ्याचं, मजुरीवर. मला बघून उठल्या नाहीत.

‘दिपिका आहे?’

‘कामाव गेलीय. तळोज्याला. ठेकेदाराकडं. बाटल्या भरते.’

बाई, माझ्या कंपनीपासून दोन फाटकं सोडून. आम्ही कदाचित एकाच बसच्या थांब्यावर उभ्या असू.

मी जे पाठ करून गेले होते ते सगळं बोलले. माझी चूक झाली, पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घेऊ, फी मी भरते, निधी नाही, मी स्वतः. भामाताईंनी दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडली.

‘तवा परत घर बघाल?’

‘नाही, नाही.’

‘तुमी बघाल. तुमचे डोल्यांना सवय हाय.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘मना वाटला पावनी येतेय. शिकलेली, आपले जातीची पोर, माझे पोरीला पुढं न्यायला येतेय. मी शेजारनीचे पाया परून हार आनला. तुमी बोलल्या, घर कसा चालतंय. काय बोलू मी? कमी हाय बोलू? पोरीसमोर? तिचे बापासमोर?’

ती शेजारीणही आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. या वेळी ती माझ्याकडे बघत होती.

मी उभीच होते. कुणी बस म्हटलं नाही. आणि बाई, पाणी विचारलं नाही. आमच्याकडे भांडायला आलेल्यालाही आधी तांब्या देतात, मग भांडतात. मी परत आले तेव्हा घसा इतका कोरडा होता की रिक्षावाल्याला पनवेल सांगायचं तर आवाज फुटेना.

अहवाल लिहायला मला अर्धं पानही लागलं नव्हतं.

पूर्वी


नागपूर, ५ सप्टेंबर २०२४

चि. पूर्वी,

आज शिक्षक दिन. सकाळपासून मोबाइलवर फुलांची चित्रं येताहेत. एकाही मुलाने माझं काही चुकलं होतं का, ते विचारलं नाही. त्यामुळे दिवस शांततेत गेला.

तुझ्या पत्रानंतर मी निधीला कडक शब्दांत लिहिलं की गृहभेटी बंद करा. लोकांची घरं म्हणजे मालाचे नमुने नव्हेत. माझ्या पत्रावर बैठक झाली. ठराव आज हाती आला. गृहभेटी बंद! आता अर्जदाराने घराचे चार फोटो मोबाइलवर पाठवायचे: बाहेरून, आतून, स्वयंपाकघर, आणि पालकांसह. माझ्या सूचनेबद्दल माझे आभारही मानलेत. म्हणजे आता वेणूताई जिंकणार आणि भामाताई हरणार, तेही रिक्षाचं भाडं न घालवता. मी राजीनामा पाठवलाय. तो स्वीकारतील. हातात आलेलं ते सहसा परत करत नाहीत.

तुला झोप लागत नसेल. न लागू दे, पण त्यावर पानं भरून मला पाठवू नकोस. एका अर्जाचा निकाल लावताना जेवढी घाई केलीस तेवढी आता स्वतःला फाशी द्यायला करू नकोस. दिपिकाला तुझं रडू काय कामाचं?

निधीने तुझी फी भरली, पण तू शिकलीस ते फीमुळे नव्हे एवढं मला कळतं. कुणीतरी दर सत्राला विचारत होतं म्हणून शिकलीस. ती मुलगी तुझ्यापासून दोन फाटकांवर आहे. विचार. फीचं नंतर. पुस्तकांवर साडी झाकलीय, म्हणजे ती अजून रद्दीत गेलेली नाहीत.

आणि भामाकडे पुन्हा जा. माफी मागू नकोस, ती मागून झाली. पैसे काढू नकोस. काही घेऊन जाऊ नकोस, फळंसुद्धा नाहीत. आत जा, जमिनीवर बस आणि पाणी माग. तिने दिलं नाही तर बसून राहा. तुमच्याकडची रीत तू मला लिहिलीस, तर ती पुरी कर. ज्या घरात पाहुणी म्हणून जाऊन तपासनीस झालीस, तिथे तहानलेली म्हणून जा.

माझा खुबा आता हवामान सांगतो. पनवेलला परतणं काही दाखवत नाही.

अरुंधती


नवीन पनवेल, २० ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाई,

दिपिका भेटली. तुमचं पत्र आल्यापासून पाळी सुटताना तिच्या फाटकाशी उभी राहत होते. पहिल्यांदा तिने ओळख दाखवली नाही. नंतर एकदा म्हणाली, ‘ताई, रोज येऊ नका. सुपरवायझर विचारतो कोण आहे.’ मग आम्ही बसच्या थांब्यावर भेटायला लागलो. ती बोलत नाही फारशी. हाताला रसायनाचा वास येतो, माझ्या हाताला येतो तसाच. माझ्याकडे फक्त हातमोजे चांगले आहेत. प्रवेशाचं काढलं की म्हणते, ‘पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी.’ घरात तिचा पगार आता धरला गेलाय. आलेला पगार घरातून परत काढणं किती अवघड, ते मला माहीत आहे. परवा मात्र तिने आपणहून एका अभिक्रियेचं विचारलं. बस आली तरी मी सांगतच होते. ती चढली आणि मागच्या काचेतून बघत राहिली. पुढचं विचारायला परत आलेली नाही.

काल भामाताईंकडे गेले. रिकाम्या हाताने. त्या दारात जाळं घेऊन बसल्या होत्या. मी चप्पल काढली, आत गेले, चटई सोडून जमिनीवर बसले आणि म्हटलं, ‘काकी, पाणी द्या.’

त्यांनी ऐकलं. सुई चालत राहिली. शेजारीण डोकावून गेली. मी बसून राहिले. मुंग्यांची एक रांग माझ्या ओढणीला वळसा घालून गेली. जगनकाका आले, मला बघून पुन्हा बाहेर गेले.

बऱ्याच वेळाने भामाताईंनी जाळं बाजूला सारलं. माठातून पाणी काढलं. स्टीलचा ग्लास, काठाला चेपलेला. माझ्यासमोर जमिनीवर ठेवला, हातात दिला नाही.

मी प्यायले. ग्लास खाली ठेवला तेव्हा त्या अजून उभ्याच होत्या.

‘ग्लास आमचाच हाय,’ त्या म्हणाल्या. ‘लिवून घ्या.’

पूर्वी